नानांची ट्रंक: रेल्वेतल्या माणसाचे कागद कसे लावावेत

माझे वडील, आमचे नाना, भुसावळला गार्ड होते. १९६७ साली टी.एन.सी. म्हणून लागले, म्हणजे यार्डात फिरून वॅगनचे नंबर उतरवून घेणारे कारकून. १९७३ मध्ये मालगाडीचे गार्ड झाले, पुढे पॅसेंजर, शेवटची काही वर्षं मेल-एक्स्प्रेस, आणि ३१ मे २००६ ला उतरले. ‘उतरले’ हा त्यांचाच शब्द. निवृत्त झालो असं ते कधी म्हणाले नाहीत.

ते गेल्यावर वर्षभराने मी त्यांची ट्रंक उघडली आणि पहिल्याच संध्याकाळी मोठी चूक केली. सगळे गठ्ठे सोडून पलंगावर पसरले आणि आकाराप्रमाणे लावायला घेतले. मोठे कागद इकडे, चिठ्ठ्या तिकडे. दोन तासांनी लक्षात आलं, की नानांनी प्रत्येक गठ्ठा एका कारणाने बांधला होता आणि ते कारण मी मोडून टाकलं. एका गठ्ठ्याचा क्रम परत जुळवायला मला पंधरा दिवस लागले, दोन गठ्ठ्यांचा जुळलाच नाही. म्हणून तुमच्या घरी अशी ट्रंक असेल तर आधी काहीही सोडू नका. झाकण उघडल्यावर वरून एक फोटो घ्या. मग एकेक गठ्ठा जसा आहे तसा बाहेर काढा, त्यावर १, २, ३ असे आकडे लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि तो ट्रंकेत कुठे होता ते वहीत लिहा. सुतळी त्यानंतर सोडायची.

त्याच्याही आधीचं एक काम म्हणजे आईचे कागद. इतिहास चार महिने थांबू शकतो, पेन्शन थांबू शकत नाही. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक, आईचं आधार, दोघांचा एकत्र फोटो आणि वैद्यकीय कार्ड हे सगळं एका वेगळ्या फाइलीत काढा आणि ती फाइल ट्रंकेत परत ठेवू नका. पीपीओवरचं आईचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर ताडून पाहा. आमच्याकडे एका अक्षराचा फरक निघाला आणि तेवढ्यावरून आईला तीन खेटे पडले. कुटुंब पेन्शन सुरू झाल्यावर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तेही त्याच फाइलीच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आणखी एक गोष्ट. गार्ड, ड्रायव्हर हे रनिंग स्टाफ, म्हणजे चालत्या गाडीवर काम करणारे. त्यांच्या पेन्शनचा हिशोब करताना मूळ पगारात त्याचे ५५ टक्के मिळवतात. शेवटच्या पगाराची स्लिप समोर ठेवून पीपीओवरचा आकडा तपासायला बसाल, तर हे माहीत असलेलं बरं.

आता धोक्याचं. गार्डच्या घरात पत्र्याचा एक छोटा डबा निघू शकतो आणि त्यात चपट्या गोल डब्यांसारख्या, पट्ट्या असलेल्या वस्तू. ते फटाके आहेत, डिटोनेटर. गाडी मध्येच अडकली की गार्डने मागे चालत जायचं, ६०० मीटरवर एक फटाका रुळाला बांधायचा आणि १२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतराने. चाक वरून गेलं की बार होतो आणि मागून येणाऱ्या ड्रायव्हरला पुढचा धोका कळतो. ही स्फोटक वस्तू आहे. खरं तर ती नोकरी संपताना परत करायची असते, पण राहून गेलेली असू शकते. उघडू नका, ठोकू नका, कचऱ्यात टाकू नका आणि पिशवीत घालून गाडीने तर मुळीच नेऊ नका. आहे तिथेच राहू द्या, मुलांना त्या खोलीतून बाहेर काढा आणि जवळच्या स्टेशनच्या स्टेशन मास्तरांना कळवा. लाल-हिरवे झेंडे, शिट्टी आणि गार्ड ड्यूटीवर सामान नेतो त्या काळ्या पेटीवर, म्हणजे लाइन बॉक्सवर, पांढऱ्या रंगात लिहिलेलं ‘बीएसएल’ (भुसावळचं लघुनाव), हे मात्र कागदांइतकंच जपा.

सरकारी कागदांकडे वळू. नेमणुकीचं पत्र, बढत्या, बदल्या, ट्रेनिंग स्कूलचे दाखले, डोळ्यांच्या तपासणीचे मेडिकल मेमो, पगाराच्या स्लिपा. हे तारखेप्रमाणे लावले की नोकरीचा सांगाडा उभा राहतो. त्यात विसंगती सापडेल आणि ती सापडली की घाईने एक कागद खोटा ठरवू नका. नानांची जन्मतारीख सगळीकडे १ जून १९४६ आहे. त्यांच्या पत्रिकेत मात्र आश्विन महिना. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची तारीख १ जूनच, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. नोकरीला ती तारीख धरली गेली, म्हणून सरकारी कागदांच्या यादीत तीच लिहा आणि पत्रिकेची नोंद शेजारी ठेवा. दुसरं उदाहरण: १९९५ च्या एका पत्रात त्यांची निवृत्ती ३१ मे २००४ दाखवली आहे, प्रत्यक्षात ती २००६ ला झाली. दोन्ही बरोबर आहेत. १९९८ मध्ये केंद्र सरकारने निवृत्तीचं वय ५८ वरून ६० केलं.

हुद्द्यांची नावंही बदलतात. जुन्या कागदांतला ‘ड्रायव्हर’ पुढे ‘लोको पायलट’ होतो आणि जानेवारी २०२२ पासून ‘गार्ड’चा ‘ट्रेन मॅनेजर’ झाला. आजोबांचे कागद असतील तर त्यांवर ‘जी.आय.पी.’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) दिसेल, कारण मध्य रेल्वे हे नाव ५ नोव्हेंबर १९५१ पासूनचं.

चार्जशीट, म्हणजे खात्याने ठेवलेल्या आरोपाचा कागद, सापडली तर? खूप घरांत ती पहिल्यांदा फाडली जाते. कृपा करून फाडू नका. तिच्या छापील नमुन्यांना एसएफ म्हणतात: एसएफ-११ म्हणजे किरकोळ शिक्षेची, एसएफ-५ म्हणजे मोठ्या शिक्षेची. तीस-पस्तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला एखादी एसएफ-११ मिळणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि माणसाच्या स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं बहुधा तेवढंच उत्तर रेल्वेच्या कागदांत सापडतं. नानांना १९८० च्या पावसाळ्यात ड्यूटीवर उशिरा आल्याबद्दल एसएफ-११ मिळाली. त्यांच्या उत्तराची कार्बन कॉपी तिलाच टाचलेली होती: रात्री मुसळधार पाऊस, कॉलबॉयने (ड्यूटीला बोलवायला घरी येणाऱ्या माणसाने) दार वाजवलं ते ऐकू आलं नाही, त्याने परत येऊन वाजवलं तेव्हा निघालो, चूक माझी आहे. शिक्षा म्हणून रेल्वेच्या फुकट प्रवासाचा एक सेट पास बंद झाला. हे वाचल्यावर मी पासांच्या जुन्या फॉइल, म्हणजे घरी राहिलेले तुकडे, काढल्या. दर उन्हाळ्यात आम्ही पासावर कुठेतरी जायचो. १९८१ च्या उन्हाळ्यात गेलो नाही. मी तेव्हा दहा वर्षांची होते, रडले होते, आणि नाना म्हणाले होते की सुटी मिळाली नाही. एकटी एसएफ-११ मला हे सांगू शकली नसती, एकटी फॉइलही नाही. म्हणून सांगते, कागद एकेकटा वाचू नका. तारखेच्या आधारे दुसरा कागद त्याच्या शेजारी आणून ठेवा.

सगळ्यात मोलाचे कागद मात्र लोक रद्दीत देतात ते, म्हणजे गार्डची रफ जर्नल. गाडीचा पक्का अहवाल कार्यालयात जमा होतो, घरी राहते ती ही कच्ची वही. नानांच्या अशा त्रेसष्ट वह्या निघाल्या. पहिल्यांदा त्या फक्त आकड्यांच्या रांगा वाटतात. वाचायची रीत अशी: डावीकडे स्टेशनांची लघुनावं. बीएसएल भुसावळ, जेएल जळगाव, पीसी पाचोरा, सीएसएन चाळीसगाव, एनजीएन नांदगाव, एमएमआर मनमाड, आयजीपी इगतपुरी. मुंबईकडे जाणारी गाडी अप, मुंबईहून येणारी डाऊन. ‘४०+१’ म्हणजे चाळीस वॅगन आणि एक ब्रेक व्हॅन, म्हणजे गार्डचा शेवटचा डबा. ‘आरटी’ म्हणजे वेळेवर. ‘टीएक्सआर’ म्हणजे गाडी तपासणारा. ‘स्पेअर’ म्हणजे गाडी न चालवता नुसतं बसून जाणं. लघुनावांचा असा तक्ता आधी स्वतःच्या हाताने तयार करा, मग वही उघडा.

मग एखादी रात्र निवडून ती सावकाश वाचा. मी निवडलेली एक अशी: भुसावळला साइन ऑन (ड्यूटीवर हजेरी) २२.१५, गाडी सुटली २३.४०. चाळीसगाव ०३.०५ ला आली आणि ०५.५० ला सुटली. मनमाड ०८.३०. भुसावळ ते मनमाड सुमारे १८५ किलोमीटर, आणि त्यासाठी सव्वादहा तास. मधले पावणेतीन तास चाळीसगावच्या लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, गाडी उभी, कारण मागून येणाऱ्या मेल-एक्स्प्रेसना पुढे सोडायचं. ब्रेक व्हॅनमध्ये दिवा नाही, पंखा नाही, शेवटच्या डब्यात एकटा माणूस. नाना आयुष्यभर रात्री चारला आपोआप जागे व्हायचे, निवृत्तीनंतरसुद्धा. ते का, हे मला ओळीने तीस-चाळीस रात्री वाचल्यावर कळलं. तुम्हीही निदान एक पूर्ण महिना सलग वाचा आणि त्यातले रात्री घरी झोपलेले दिवस मोजा. नंतर पगाराच्या त्या महिन्याच्या स्लिपेवरचा मायलेज (गाडीवर केलेल्या अंतराचा भत्ता) आणि नाइट ड्यूटीचा आकडा पाहा, तो आकडा तुम्हाला वेगळा दिसेल.

कोरी पानंही वाचायची असतात. १९७४ च्या वहीत ७ मे नंतर थेट महिनाअखेरची नोंद आहे. ८ मे ते २७ मे १९७४ हा रेल्वेचा देशव्यापी संप. नाना संपात होते हे आम्हाला ऐकून माहीत होतं, पण त्यांनी ती पानं तशीच सोडली, पुढची नोंद त्यांवर लिहिली नाही, हे पाहिल्यावर मी बराच वेळ वही मिटू शकले नाही. अशा कोऱ्या पानांचाही फोटो घ्या आणि यादीत नोंद करा, नाहीतर पुढच्याला वाटेल की पानं निसटली.

जपणुकीबद्दल थोडक्यात. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा आणि कागद सुती नाडीने बांधा. फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. लॅमिनेशन करू नका, ते परत काढता येत नाही. जांभळट कॉपिंग पेन्सिलीचं लिखाण ओलं झालं की पसरतं, त्याला ओला हातसुद्धा लावू नका. कडक उन्हात वाळत घालू नका, शाई उडते. प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा कागदी पाकीट बरं आणि पावसाळ्यात ट्रंक उघडून बसू नये. नियमांचं पुस्तक सापडलं आणि त्यात कागदाचे चिटोरे चिकटवलेले दिसले तर ते ओढून काढू नका. त्या करेक्शन स्लिपा आहेत, नियम कधी बदलला ते त्यांवरून कळतं. फोटो खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता घ्या आणि फाइलच्या नावात आधी साल, मग महिना लिहा.

काही कागद नसतीलच. सेवापुस्तिकेच्या प्रतीसाठी डिव्हिजनच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, फी दहा रुपये. अर्जात पीएफ नंबर, बिल युनिट, शेवटचा हुद्दा, शेवटचं स्टेशन आणि निवृत्तीची तारीख लिहा. पहिले दोन पगाराच्या स्लिपेवर मिळतील. आणि या कागदांत दुसऱ्यांची नावं असतात, कुणाच्या चौकशीत दिलेली साक्ष, कुणाच्या अपघाताचा मेमो. ती माणसं किंवा त्यांची मुलं अजून त्याच गावात आहेत. असे कागद जपा, पण मोबाइलवरून फिरवू नका.

शेवटचं काम कागदांपाशी होत नाही, आईपाशी होतं. १९७८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या वहीत अकरा पानांच्या समासात नानांनी गोल करून ‘शे’ असं लिहिलं होतं. कुठल्याच तक्त्यात ते बसेना. स्टेशन नाही, हुद्दा नाही. एका निवृत्त गार्डकाकांना विचारलं, त्यांनाही कळेना. मी वही आईपुढे धरली. तिने चष्मा लावला, तारखा पाहिल्या आणि म्हणाली, “शेजारी. मी दवाखान्यात होते ना तेव्हा. ड्यूटीवर जाताना तुला शेजारच्या काकूंकडे झोपवून जायचे. किती रात्री झाल्या ते लिहून ठेवलं असेल, काकूंना दिवाळीला साडी घेतली होती.”

असं काही कळलं की ते वहीच्या पानावर लिहू नका. वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा: वही क्रमांक, पान, शब्द, अर्थ, कुणी सांगितलं, कोणत्या तारखेला. चिठ्ठी त्या पानात ठेवा आणि तीच ओळ यादीतही उतरवा. आईला रोज एकच वही दाखवा, दुपारी, तिची झोप झाल्यावर.