औषध मारून झालं की पंप नदीवर धुताय? या चुका टाळा

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की आमच्याकडे निफाड साईडला सकाळ-संध्याकाळ ब्लोअरचाच (फवारणी यंत्राचा) आवाज, डावणीला मारा, भुरीला मारा (हे द्राक्षावरचे बुरशीचे रोग), त्यात परतीचा पाऊस आला की परत मारा. औषधाशिवाय द्राक्ष येत नाही हे मान्य, त्यावर भांडण नाही. पण कादवा नदीत नि गोदावरीत जे औषध जातं ते सगळं काय पावसानं बागेतून धुऊन जात नाही, त्यातलं थोडं आपण फवारणी झाल्यावर पाच मिनिटांत हातानं सोडतो.

म्हणजे टाकीच्या तळाचं ते पांढरं फेसाळ पाणी ओढ्यात ओतायचं, पंप तिथंच खळबळायचा, वर म्हणायचं वाहतं पाणी आहे, जाईल निघून. हिशोब करा ना राव. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाच्या २० टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं तेलकट द्रावण) बाटलीत ५ मिली राहिलं तर त्यात १ ग्रॅम खरं औषध असतं. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या आयएस १०५०० या भारतीय मानकात याची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे तेवढ्यात ३३ हजार लिटर पाणी मर्यादेला टेकतं. युरोपात कुठल्याही एका औषधाला ०.१ मायक्रोग्रॅम, तिकडच्या मापानं तेच १ कोटी लिटर! म्हणून बाटली संपली की लगेच तीनदा विसळा आणि ते पाणी टाकीतच ओता, पैसे मोजलेत त्याचे. टाकी धुतलेलं पाणी पण त्याच बागेत मारून संपवा.

दुसरी चूक कुणाच्या लक्षातच येत नाही. विहिरीवरची मोटर चालू करून पाइप थेट टाकीत बुडवून ठेवतात, औषध आधीच टाकलेलं, तेवढ्यात लाइट जाते. फुटवॉल (विहिरीतल्या पाइपाच्या टोकाची, पाणी मागं जाऊ न देणारी झडप) गळका असला की पाइपातलं पाणी मागं उतरतं आणि टाकीतलं औषध ओढून विहिरीत नेतं. पाइपाचं तोंड पाण्याच्या वीतभर वर बांधा, बस.

आणि डब्यावरचा हिरवा-निळा त्रिकोण बघून निर्धास्त होऊ नका, तो माणसाला किती विषारी ते सांगतो, माशांना नाही. मोरचूद (तांब्याचं निळं मीठ) तर लोक "ते काय, बोर्डोच (मोरचूद-चुन्याचं बुरशीवरचं मिश्रण) आहे" म्हणून कुठंही ओततात, माशांना तांबं फार वाईट.

घरी लोक पाणी उकळतात, तुरटी फिरवतात, टीडीएस मीटर बुडवून खूश होतात. यातल्या कशानंच औषधाचा भरवसा नाही, मीटर तर फक्त क्षार मोजतो. टीसीएलनं (पाण्यात टाकायची क्लोरीनची पावडर) जंतू मरतात, क्लोरपायरीफॉसचं मात्र क्लोरीनमुळे ऑक्सॉन नावाचं दुसरं रसायन होतं, ते मूळ औषधापेक्षा जास्त विषारी. चांगला कार्बन फिल्टर किंवा आरओ बरंचसं अडवतो, पण कार्ट्रिज वेळेवर बदललं तरच.

समजा मासे वर आले. लगेच औषध औषध म्हणून ओरडू नका. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर बऱ्याचदा सांडपाण्यानं ऑक्सिजन संपलेला असतो. झिंगे, खेकडे, पाणकिडे आधी मेलेले दिसले तर मात्र कीटकनाशकाचा संशय घ्या. गुरं पाण्यावर नेऊ नका, ग्रामपंचायतीला सांगून पाणीपुरवठ्याची मोटर बंद करा, वरच्या अंगाचं आणि खालच्या अंगाचं अशी दोन सॅम्पल त्याच दिवशी घ्या. तपकिरी काचेची स्वच्छ बाटली, तोंडापर्यंत भरून, बर्फात ठेवून लॅबला, आणि लॅबला आधीच विचारा की कीटकनाशकाची टेस्ट करता का, नाहीतर पीएच नि क्षाराचा रिपोर्ट हातात पडतो. घाईत पिकाच्या टॉनिकच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून नेणारे पण बघितलेत मी, त्यात मग टॉनिकच सापडणार की.