जास्वंदीवरचे पट्टेरी भुंगे: हात न लावता कसे काढावेत

गणपतीच्या दिवसांत जास्वंद भरात असते आणि नेमके तेव्हाच हे पाहुणे येतात. सकाळी फूल काढायला जावे तर पाकळ्यांची चाळण, आत तीन-चार भुंगे एकमेकांना खेटून. सोलापूरच्या कडेला, बाजरी-उडदाच्या रानाजवळ बाग असेल तर विचारूच नका. बाजरीच्या कणसावरचे ‘हिंगे’ म्हणतात ते यांचेच भाऊबंद. इंग्रजी नाव ब्लिस्टर बीटल.

ओळख सोपी आहे. दोन-अडीच सेंटिमीटर लांब, मऊसर अंग, डोक्यामागे बारीक मान. काळ्या पंखांवर नारिंगी-लाल नागमोडी पट्टे. उडताना जड, सुस्त. लेडीबर्ड गोल आणि ज्वारीच्या दाण्याएवढी असते. तिला मारू नका, ती झाडाचा रस शोषणारी मावा ही बारीक कीड खाते.

हा भुंगा चावत नाही. दाबला की पायांच्या सांध्यांतून पिवळट द्रव सोडतो, त्यात कँथरिडिन नावाचे फोड आणणारे विष असते. एकदा मानेवर बसलेला मी सहज चिरडला. तेव्हा काहीच वाटले नाही; दुसऱ्या दिवशी पाण्याने टम्म भरलेला फोड.

म्हणून आधी रबरी हातमोजे आणि लांब बाह्यांचा शर्ट. पहाटेच्या गारव्यात भुंगे सुस्त असतात, तेव्हाच जा. पसरट भांड्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर भांडी घासायचा साबण विरघळवा, ते फुलाखाली धरा आणि फांदीला काडीने टिचकी मारा. बहुतेक टपाटप पडतात, उरलेले चिमट्याने उचला. रोज हेच, आठ-दहा दिवस. मेलेल्यांतही विष राहते, तेव्हा खड्ड्यात पुरा. शेळीच्या वैरणीत चुकूनही जाऊ देऊ नका.

फवारणी मला पटत नाही. त्याच फुलांवर मधमाश्या येतात, फुले देवाला जातात आणि नवे भुंगे दुपारपर्यंत उडून येतातच. शिवाय यांच्या अळ्या जमिनीत नाकतोड्यांची अंडी खातात, म्हणजे अगदीच निरुपयोगी नाहीत. एखाद-दुसरा असेल तर राहू द्या. लाडके झाड असेल तर त्यावर मच्छरदाणीचे कापड टाका.

द्रव लागलाच तर न चोळता साबण-पाण्याने धुवा. फोड फोडू नका. डोळ्यात किंवा पोटात गेला तर लगेच दवाखाना.

पूजेपुरते म्हणाल तर आम्ही संध्याकाळीच टपोऱ्या कळ्या काढून ओल्या फडक्यात ठेवतो. सकाळी त्या देवघरातच उमलतात.