कर्सर हलला की सिलेक्शनचं काय व्हायला हवं: स्वतःचा एडिटर लिहिणाऱ्यांसाठी

ब्राउझरचा तयार टेक्स्टबॉक्स वापरलात तर यातलं बहुतेक आपोआप मिळतं. कॅनव्हासवर (ब्राउझरमधल्या कोऱ्या चित्रफलकावर) स्वतः मजकूर रंगवत असाल, तर मात्र प्रत्येक की दाबल्यावर सिलेक्शन कुठे जाणार हे तुम्हालाच लिहावं लागतं. इथल्या चुका छोट्या दिसतात, पण लिहिणाऱ्याचा हात दर मिनिटाला त्यांना अडखळतो.

आधी साठवण नीट करा

सिलेक्शन ‘सुरुवात’ आणि ‘शेवट’ अशा दोन आकड्यांत ठेवू नका. ‘अँकर’ आणि ‘हेड’ ठेवा. जिथून निवडायला सुरुवात झाली ती जागा अँकर. कर्सर आत्ता जिथे लुकलुकतोय ते हेड. हेड अँकरच्या आधीही असू शकतं. ईमॅक्स या एडिटरमध्ये यांना मार्क आणि पॉइंट म्हणतात, व्हीएस कोड या एडिटरमध्ये अँकर आणि ॲक्टिव्ह, ब्राउझरच्या एपीआयमध्ये अँकर आणि फोकस. दोन्ही आकडे सारखे झाले की सिलेक्शन रिकामं, म्हणजे नुसता कर्सर. त्यासाठी वेगळा फ्लॅग (हो-नाही अशी खूण) ठेवलात तर तो कधीतरी आकड्यांशी विसंगत होणारच.

‘पुणे सातारा कोल्हापूर’ ही ओळ घ्या. युनिकोडच्या हिशेबाने (प्रत्येक व्यंजन, काना-मात्रा आणि मोकळी जागा म्हणजे एकेक कोड, मोजणी शून्यापासून) ‘सातारा’ ५ ते ११ या जागेत आहे. कुणी तो शब्द उजवीकडून डावीकडे ओढून निवडला: अँकर ११, हेड ५. आता शिफ्ट धरून उजवा बाण दाबला की हेड ७ वर यायला हवं आणि ‘तारा’ निवडलेलं राहायला हवं. फक्त सुरुवात-शेवट साठवणारा एडिटर शेवटाचा आकडा १२ करतो आणि पुढची मोकळी जागाही गिळतो. वापरणाऱ्याला निवड आवरायची होती, ती उलट वाढली.

शिफ्टशिवाय बाण

सिलेक्शन असताना नुसता डावा बाण दाबला तर कर्सर डाव्या टोकाला, उजवा दाबला तर उजव्या टोकाला. तिथून आणखी एक अक्षर पुढे सरकायचं नाही, आणि हेड कुठल्या टोकाला होतं याचाही संबंध नाही. वरच्या उदाहरणात डाव्या बाणाने ५, उजव्याने ११. ४ किंवा १२ आलं तर तो बग.

वर-खालच्या बाणांसाठी व्हीएस कोडची पद्धत घ्यावी: वर जाताना सिलेक्शनच्या सुरुवातीपासून एक ओळ वर, खाली जाताना शेवटापासून एक ओळ खाली. बऱ्याच ओळींचं सिलेक्शन असताना वरचा बाण दाबून कर्सर निवडीच्या पोटातच कुठेतरी उतरला, तर माणूस गोंधळतो.

शिफ्टसह

नियम एकच: अँकर हलत नाही, हेड हलतं. हेड अँकर ओलांडून पलीकडे गेलं तर सिलेक्शन आपोआप पलटतं, वेगळा कोड लागत नाही. स्क्रीनही हेडच्या मागे सरकायला हवी, अँकरच्या नाही. ‘सगळं निवडा’ या आज्ञेने मात्र स्क्रीन हलू नये. माणूस जे वाचत होता ते डोळ्यांसमोरच राहू द्या.

उभ्या हालचालीत ‘मूळ स्तंभ’ लक्षात ठेवा. लांब ओळीवरून आखूड ओळीवर आणि पुन्हा लांब ओळीवर गेल्यास कर्सर पूर्वीच्या आडव्या जागी परतला पाहिजे. आडवी हालचाल, टायपिंग किंवा क्लिक झालं की ही आठवण पुसा. देवनागरीत हा स्तंभ अक्षरांच्या संख्येत मोजू नका, पिक्सेलमध्ये मोजा. ‘क्षि’ मध्ये चार कोड असतात, पण पडद्यावर ते एक अक्षर आहे. संख्येने मोजलंत तर खालच्या ओळीत कर्सर भलतीकडे पडेल.

देवनागरीत पाऊल किती मोठं

हा भाग सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. बाणाचं एक पाऊल म्हणजे एक कोड नव्हे, एक संपूर्ण अक्षर. ‘कि’ मधली वेलांटी साठवणुकीत ‘क’ च्या नंतर येते पण दिसते आधी. त्या दोघांच्या मध्ये कर्सर ठेवायला जागाच नाही. मजकूर ग्राफीम क्लस्टरच्या (पडद्यावर एक अक्षर म्हणून दिसणाऱ्या कोडांच्या गटाच्या) सीमांवरच तोडा. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडने २०२३ मध्ये १५.१ आवृत्तीत आणला. त्याआधीच्या नियमावर चालणारी लायब्ररी ‘स्त्री’ चे तीन तुकडे करते. तुमच्या लायब्ररीला ‘स्त्री’ द्या. उत्तर १ आलं पाहिजे.

सीमा चुकली की मजकूर खराब होतो. ‘दऱ्या’ मधला अर्धा र काही जण नुक्ता असलेल्या र ने टाइप करतात, तर काही र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारा कोड) असे मिळून. दुसऱ्या प्रकारात सिलेक्शनचं टोक त्या अदृश्य जॉइनरपाशी पडलं आणि तो कापला गेला, तर ‘दऱ्या’ चं ‘दर्या’ होतं: डोंगरातून थेट समुद्रात.

काहीच निवडलेलं नसताना बॅकस्पेस मात्र वेगळा ठेवा. त्याने एकच कोड मागे पुसावा, म्हणजे चुकलेली मात्रा सुधारायला अख्खं जोडाक्षर पुन्हा टाइप करावं लागत नाही. डिलीटने पुढचं पूर्ण अक्षर जावं.

शब्दाशब्दाने उडी मारतानाही जपा. केवळ युनिकोडच्या ‘लेटर’ वर्गातले कोड शब्दात धरले तर प्रत्येक काना-मात्रेवर शब्द तुटतो. ‘मार्क’ वर्ग (काना, मात्रा, हलन्त वगैरे) आणि जॉइनर, नॉन-जॉइनर (अक्षरं जोडू न देणारा अदृश्य कोड) हे सगळे शब्दाचाच भाग माना.

प्लॅटफॉर्मप्रमाणे बदलणारं

विंडोजवर कंट्रोल आणि उजवा बाण पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला नेतो, मॅकवर ऑप्शन आणि उजवा बाण चालू शब्दाच्या शेवटाला. मॅकवर डबल-क्लिकने निवडलेल्या शब्दाला दिशा नसते. पहिला शिफ्ट-बाण कुठल्या बाजूचा, त्यावर अँकर ठरतो. तसंच मॅकवर शिफ्ट-कमांड-उजवा आणि मग शिफ्ट-कमांड-डावा दाबलं तर सिलेक्शन पलटत नाही, दोन्हीकडे वाढून अख्खी ओळ घेतं. तुम्हाला यातलं काही आवडो न आवडो, ज्या मशीनवर चालणार त्याची सवय पाळा.

माऊस

डबल-क्लिक करून बटण न सोडता ओढलं तर निवड शब्दाशब्दाने वाढते. इथे अँकर एक बिंदू न राहता एक पल्ला होतो: सुरुवातीचा पूर्ण शब्द. उजवीकडे ओढताना त्याचं डावं टोक धरा, डावीकडे ओढताना उजवं. बिंदूच ठेवलात तर मागे ओढताना पहिला शब्द निवडीतून निसटतो. तिहेरी क्लिकला हेच ओळीच्या बाबतीत.

ओळ दुमडते तिथे

लांब ओळ खिडकीच्या कडेला दुमडली की दुमडण्याची एकच जागा पडद्यावर दोन ठिकाणी दिसू शकते: वरच्या रांगेच्या शेवटी आणि खालच्या रांगेच्या सुरुवातीला. आकड्यासोबत ‘वरची की खालची’ अशी एक खूण साठवा. नाहीतर एंड दाबल्यावर कर्सर खालच्या रांगेत उडी मारतो, पुन्हा एंड दाबलं की तिच्याही शेवटाला जातो, आणि माणूस एंड दाबतच खाली घसरत राहतो.

दुसरा कुणी लिहीत असेल तर

सहलेखनात तुमच्या निवडीच्या नेमक्या कडेवर कुणी मजकूर घातला तर तो निवडीबाहेर राहिला पाहिजे. म्हणून डावं टोक नव्या मजकुराच्या पुढे सरकवा, उजवं टोक जागीच ठेवा. एकापेक्षा जास्त कर्सर असतील आणि दोन निवडी एकमेकींवर आल्या तर त्या एकत्र करा, पण हेडची दिशा टिकवा. अन्यथा पुढच्या शिफ्ट-बाणाला निवड चुकीच्या टोकाने वाढेल.