वळवाच्या वादळाला समोरून कसं गाठायचं

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा-कॅन्सस पट्ट्यातले हौशी लोक वादळामागे गाडी लावून शे-दोनशे किलोमीटर जातात. तिथल्या सुपरसेलला, म्हणजे गोल फिरत चढणाऱ्या हवेच्या प्रचंड वादळी ढगाला, काही तासांचं आयुष्य असतं, म्हणून ते जमतं. खालच्या आणि वरच्या वाऱ्यांची दिशा व वेग तिथे इतके वेगळे असतात की ढगात चढणारी गरम हवा आणि पावसाबरोबर उतरणारी थंड हवा एकमेकींच्या आड येत नाहीत. महाराष्ट्रावर एप्रिल-मेमध्ये हा फरक बहुतेक दिवशी कमी असतो. पाऊस ढगाच्या स्वतःच्याच चढत्या हवेत पडतो, तिला गार करतो, आणि एकेक ढग अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो. तुम्ही चाळीस किलोमीटर गाडी हाणून पोचाल तेव्हा तिथे ओला रस्ता आणि मोडलेल्या फांद्या उरलेल्या असतील.

म्हणून वळवाच्या मागे लागू नका. विरणाऱ्या ढगातून सुटलेला गार वारा पुढच्या दमट हवेखाली शिरतो, तिला वर ढकलतो आणि तिथे नवा ढग उभा राहतो. तो साधारण कुठे उभा राहील याचा अंदाज घ्यायचा आणि आधीच त्या बाजूला जाऊन थांबायचं. सगळी तयारी या एका अंदाजासाठी आहे.

सकाळचा अभ्यास

मेमध्ये आतल्या भागात पारा बहुतेक सगळीकडे चाळिशीच्या आसपास असतो, त्यावरून फारसं कळत नाही. बघायचा तो दवबिंदू, म्हणजे हवा जितकी गार झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान; तो जितका जास्त, तितकी हवा दमट. बहुतेक हवामान ॲपमध्ये तो मिळतो. विमानतळांच्या मेटार नोंदीत तर ३९/१९ असा तापमानाला जोडूनच येतो. दोन्हींतला फरक काढा आणि त्याला १२५ ने गुणा, म्हणजे ढगाचा तळ जमिनीपासून साधारण किती मीटरवर असेल ते येतं. ३९/१९ असेल तर तळ अडीच हजार मीटरवर. ४२/१० असेल तर चार हजारांवर. इतक्या उंचावरून पडणारा पाऊस वाटेतच सुकतो, सुकताना भोवतालची हवा गार आणि जड करतो, आणि ती हवा दणक्यात खाली आदळते. अंगावर थेंब नाही, पण पत्रे उडतात, असे दिवस हेच. पुणे, सातारा, सोलापूर, लातूर या पठारी भागात दुपारीही दवबिंदू १८ च्या वर टिकून असेल तर दिवस कामाचा समजा.

मग वारा. अरबी समुद्रावरून आणि बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा आणि वायव्येकडून येणारी कोरडी, तापलेली हवा जिथे समोरासमोर येतात, त्या रेषेवर वळवाचं बरंचसं राजकारण ठरतं. उन्हाळ्यात ही रेषा अनेकदा विदर्भ-मराठवाड्यावरून कर्नाटकाच्या आतल्या भागात उतरलेली असते. हवामान खात्याच्या पत्रकात ती ‘वाऱ्यांची खंडितता’ किंवा ‘कमी दाबाचा पट्टा’ म्हणून येते. नकाशावर ती पेन्सिलने आखून ठेवा. ढग बहुधा तिच्या दमट बाजूला उठतात. घाटाजवळच्या पट्ट्यात दुसरी एक रेषा असते: दुपारनंतर घाट चढून आलेला समुद्री वारा पुणे-सातारच्या बाजूला पूर्वेच्या वाऱ्याला भिडतो, आणि संध्याकाळचा वळीव पुष्कळदा तिथे पेटतो.

पहाटे साडेपाचला सोडलेल्या हवामान फुग्यांच्या नोंदी सकाळी बघायला मिळतात. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई, गोवा यांपैकी तुमच्या जवळची घ्या. त्यातला ‘केप’ हा आकडा ढगाला वर जायला किती बळ मिळेल ते सांगतो. हजारच्या वर असेल तर गडगडाट शक्य, अडीच हजारांच्या वर असेल तर जोरदार. पण नुसत्या केपवर विसंबलेला माणूस फसतो. दीड-दोन किलोमीटरवर गरम हवेचं झाकण असेल तर खालची हवा ते फोडू शकत नाही, आणि केप तीन हजार असूनही संध्याकाळपर्यंत आकाश कोरं राहतं. झाकणाचं बळ ‘सिन’ या आकड्यात दिसतं, तेही बघा. आदल्या रात्रीच्या वादळाचा उंच, पसरट ढग सकाळी डोक्यावर उरला असेल तरीही घोटाळा होतो, कारण त्याच्या सावलीत जमीन तापत नाही.

एक खूण आकाशातच मिळते. सकाळी आठ-नऊला मधल्या उंचीवर छोट्या बुरुजांची रांग असलेले ढग दिसले तर वरची हवा अस्थिर आहे. अशा दिवशी दुपारची कामं आधी उरकून घ्या.

दुपारी, निघण्यापूर्वी

साधारण एकपासून इन्सॅट उपग्रहाची दृश्य चित्रं बघत राहा. पांढरे ठिपके एका रेषेत येतायत का, हे बघायचं. मग बाहेर येऊन ढग पाहा: माथ्याच्या कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या टणक, ठळक असतील तर तो वाढतोय. कडा विस्कटून तंतुमय झाल्या की माथा बर्फाचा झाला, वीज जवळ आली. ढग वर चढून बुटका होत परत बसत असेल तर झाकण अजून शाबूत आहे, तासभर थांबा.

ढग कुठे सरकेल ते ठरवण्यासाठी जमिनीवरचा वारा पाहू नका. विंडीसारख्या ॲपवर ७०० आणि ५०० हेक्टोपास्कल, म्हणजे साधारण तीन आणि साडेपाच-सहा किलोमीटरवरचा वारा बघा. मार्च-एप्रिलमध्ये विदर्भात ढग बहुधा पश्चिमेकडून पूर्वेला जातात. मेमध्ये पश्चिम महाराष्ट्रात ते पुष्कळदा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून येतात. पण रोज तपासा, गृहीत धरू नका.

रडारसाठी मुंबई, नागपूर, गोवा आणि सीमेवरच्या जिल्ह्यांना हैदराबाद. रंगांच्या पट्टीवरचा डीबीझेड हा आकडा ढगातून रडारकडे किती जोराने प्रतिध्वनी परतला ते सांगतो: ४५ च्या वर जोरदार पाऊस, ५५ च्या वर गारांची शक्यता. दोन गोष्टी कायम लक्षात असू द्या. पडद्यावर दिसणारं चित्र दहा-पंधरा मिनिटं जुनं असतं. आणि रडारचा किरण लांब जाता जाता उंच होतो. दोनशे किलोमीटरवर सर्वांत खालचा किरणसुद्धा चार किलोमीटर उंचीवरून जातो, त्यामुळे खाली काय चाललंय ते त्याला दिसतच नाही. मराठवाड्याचा बराच भाग अशा दूरच्या अंतरावर आहे. तिथे डोळा आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जास्त कामाचं. गेल्या काही मिनिटांत तुमच्या आसपास कुठे वीज पडली ते त्यात कळतं. ठिपके कोणत्या बाजूला सरकतायत ते बघितलं की ढगाची चालही कळते.

अंतराचा अंदाज हाताच्या मुठीने येतो. हात ताठ पसरून धरलेली मूठ सुमारे १० अंश व्यापते. बारा किलोमीटर उंचीचा ढग क्षितिजापासून एक मूठ वर दिसत असेल तर तो सत्तरेक किलोमीटर दूर आहे; दोन मुठी असेल तर तीस-पस्तीस.

जागा

ढगाच्या वाटेपासून १२ ते २० किलोमीटर बाजूला, थोडं पुढे. पूर्वेकडून येणारा ढग दुपारी समोरच्या उन्हात उजळून दिसतो, त्यामुळे पुढे उभं राहिलेलं चालतं. पश्चिमेकडून येणाऱ्याच्या पुढे राहिलात तर सूर्य त्याच्या मागे जातो आणि काळ्या गोळ्यापलीकडे काही दिसत नाही. अशा वेळी दक्षिणेची बाजू धरा.

मोकळं क्षितिज हवं. बीडजवळ मांजरसुंब्याला बालाघाटाच्या कडेवरून उत्तरेकडचा सखल मुलूख दूरवर दिसतो. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणनंतर उजनीच्या पाण्यापलीकडचं आकाश उघडं असतं. जागा निवडताना दोन दिशांना निघता येणारा डांबरी रस्ता हवाच. काळ्या मातीच्या पाणंदीत गाडी घालू नका. दहा मिनिटांच्या सरीत ती माती चाकाला गच्च चिकटते आणि मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो. गाडीचं तोंड परतीच्या बाजूला करूनच थांबा. एकाने चालवायचं, दुसऱ्याने आकाश आणि नकाशा बघायचा. वादळात मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. दुचाकीवरून हे काम करू नये.

आता समोर काय दिसेल ते. पावसाचा राखाडी पडदा उतरतो तिथे थंड हवा खाली येतेय. त्याच्या शेजारचा सपाट, गडद, कोरडा तळ म्हणजे चढती हवा. नजर तिथे ठेवा, ढग जिवंत आहे की नाही ते तिथेच कळतं. मग उकाडा एकदम दाटतो, तुमच्याकडचा वारा पडतो. क्षितिजावर तपकिरी धुळीची पट्टी उठते, तिच्यावर ढगाची बुटकी, लांबलचक कड दिसते. धूळ पोचते त्या क्षणी वारा दिशा बदलतो, काही मिनिटांत पारा आठ-दहा अंशांनी उतरतो, मातीचा वास येतो. फोनमध्ये दाबमापक असेल तर दाब एक-दोन हेक्टोपास्कलने उडी मारताना दिसेल. पाऊस बहुधा पाच-दहा मिनिटांत मागोमाग येतो. पावसाविना नुसताच वारा आला, तर तो वारा जिकडे चाललाय तिकडे पाहा. पुढचा ढग तिथे अर्ध्या तासात उठू शकतो, आणि जागा बदलायची वेळ हीच.

गाडीत कधी बसायचं

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की लगेच गाडीत, काचा वर, धातूला हात नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पाऊस थांबल्यावरही मागे पसरलेल्या माथ्यातून वीज पडते, आणि लोक नेमके तेव्हाच गाडीतून उतरतात. किल्ले, टेबललँड, घाटमाथ्यावरचे पॉइंट वादळात सर्वथा टाळा.

झाडाखाली, होर्डिंगखाली, पत्र्याच्या शेडजवळ गाडी लावू नका. ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यात पारस इथे देवस्थानाच्या पत्र्याच्या शेडवर झाड कोसळून सात माणसं गेली. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून सतरा जणांचा जीव गेला. पत्र्याखालचा आडोसा सुरक्षित वाटतो, पण वळवाच्या वाऱ्यात सगळ्यात आधी तोच जातो. जुन्या राज्यमार्गांवरची वड-चिंचेची कमान उन्हात कितीही सुखाची असली तरी त्या रस्त्याला थांबू नका. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, घोटाभर दिसलं तरी.

गारा आल्या तर गाडी सावकाश बाजूला घ्या आणि तोंड गारांकडे करा. पुढची काच दोन थरांची असते, तडकली तरी जागेवर राहते. बाजूच्या काचा फुटून आत येतात.

फोटो आणि नोंद

विजेचा फोटो रात्री सोपा. कॅमेरा स्थिर, आयएसओ १००, छिद्र एफ ८, शटर ८ ते १५ सेकंद, फोकस हाताने दूरच्या दिव्यावर लावून पक्का करायचा आणि एकामागून एक फोटो घेत राहायचे. वीज दहा किलोमीटरच्या आत आली की ट्रायपॉड सोडून द्या, कॅमेरा डॅशबोर्डवर कापडी उशीवर ठेवा. दिवसा फोनवर सलग व्हिडिओ घेऊन त्यातली चौकट काढणं बरं पडतं.

गार उचलली की वितळायच्या आत दहा रुपयांच्या नाण्याशेजारी ठेवून फोटो घ्या. नाणं २७ मिलिमीटरचं असतं, माप आपोआप मिळतं. सर्वांत मोठ्या गारेइतकंच सर्वसाधारण गारेचंही माप टिपा. वहीत पहिला गडगडाट, वारा फिरल्याची वेळ आणि नवी दिशा, पारा किती उतरला, पाऊस किती मिनिटं आणि किती मिलिमीटर, एवढं लिहा. पावसासाठी सरळ उभ्या बाजूंचा डबा मोकळ्यावर ठेवून आतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजली तरी चालते. काही झालं नाही त्या दिवसाचा दवबिंदू, केप आणि सिनसुद्धा लिहून ठेवा. तुमच्या तालुक्यात झाकण कोणत्या आकड्याला फुटतं आणि कोणत्याला नाही, हे दोन-तीन उन्हाळ्यांच्या अशा नोंदींतूनच समजायला लागतं.