साक्षीपुराव्याआधीच निकाल मागताना: समरी जजमेंटचा अर्ज कसा लिहावा

समरी जजमेंटचा, म्हणजे साक्षीपुरावा न होता कागदांवरच निकाल मागणारा अर्ज हातात घेतल्यावर न्यायाधीशांना एकच गोष्ट ठरवायची असते. साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करून असं काय कळणार आहे, जे समोरच्या कागदांतून आत्ताच कळत नाही? 'काहीच नाही' हे उत्तर पटवून देणं, एवढंच तुमच्या अर्जाचं काम आहे. आपला दावा किती खरा आहे हे सांगणारे अर्ज मी लातूरच्या कोर्टात पुष्कळ वाचते. साक्षीपुरावा का नको हे सांगणारे फार थोडे असतात. दावा खरा असला तरी तो शाबीत करायला पुरावा लागतोच, असं म्हणून कोर्ट पहिल्या प्रकारचा अर्ज बाजूला ठेवतं, आणि त्यात कोर्टाची चूक नसते.

हा अर्ज व्यापारी दाव्यातच चालतो. २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्याने दिवाणी प्रक्रिया संहितेत समरी जजमेंटची तरतूद करणारी ऑर्डर १३-ए घातली, पण तेव्हा दाव्याची किमान रक्कम १ कोटी होती. २०१८ च्या दुरुस्तीने ती ३ लाखांवर आली आणि लातूरच्या डाळीची, जालन्याच्या सळईची, नांदेडच्या कापडाची बाकीही या तरतुदीच्या टप्प्यात आली. आपल्याकडच्या वकिलांनी अजून तिचा पुरेसा उपयोग केलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी दोन दारं तपासा. दावा ऑर्डर ३७ खाली समरी सूट म्हणून दाखल केला असेल तर ऑर्डर १३-ए चा अर्ज देता येत नाही. तिथे प्रतिवादीने बचावाची परवानगी मागायची ही वेगळीच वाट आहे. आणि तातडीचा अंतरिम आदेश मागितला नसेल तर व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२-अ प्रमाणे दाव्याआधीची मध्यस्थी झालेली असली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या पाटील ऑटोमेशन निकालानंतर ती सक्तीची आहे यात शंका राहिलेली नाही. मध्यस्थीचा अहवाल दाव्यासोबत नसेल तर समोरचा वकील पहिला घाव तिथेच घालतो.

अर्ज कधी द्यायचा? कायदा म्हणतो, प्रतिवादीला समन्स बजावल्यानंतर आणि मुद्दे, म्हणजे कोर्टाने ठरवायचे वादाचे प्रश्न, काढले जाण्याआधी. म्हणजे समन्स बजावल्याच्या दुसऱ्या दिवशीही देता येतो. तरी माझं मत स्पष्ट आहे: कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, येऊ द्या, आणि शक्य असेल तर कागदपत्रांच्या कबुली-नकाराचं निवेदनही येऊ द्या. व्यापारी दाव्यात कैफियतीला जास्तीत जास्त १२० दिवस मिळतात, त्यामुळे फार खोळंबा होत नाही. कैफियतीआधी दिलेल्या अर्जात तुम्ही बचावाचा अंदाज बांधत बसता. कैफियतीनंतरच्या अर्जात प्रतिवादीचंच वाक्य उचलून त्याच्यासमोर ठेवता येतं. मात्र मुद्द्यांची तारीख डायरीत ठळक लिहून ठेवा. मुद्दे निघाले की हे दार बंद.

आता खरं काम. एक उदाहरण घेऊ, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. लातूर एमआयडीसीतल्या एका डाळमिलने परभणीच्या घाऊक व्यापाऱ्याला पाच बिलांवर ३१,६०,००० रुपयांची तूरडाळ दिली. १२,२०,००० आले, ते या पाचांपैकी आधीच्या बिलांना जमा झाले. बाकी राहिली १९,४०,०००. कैफियतीत तीन गोष्टी आहेत: माल हलका होता, हिशोब चुकीचा आहे, आणि 'परिच्छेद ७ मधील मजकूर खोटा असून प्रतिवादीस नाकबूल आहे' हे आपल्या सगळ्यांच्या टायपिस्टला पाठ झालेलं वाक्य.

शेवटच्यापासून सुरुवात करते. व्यापारी दाव्यात नुसतं 'नाकबूल' चालत नाही. ऑर्डर ८ नियम ३-ए सांगतो की नाकारायचं असेल तर कारण द्या, आणि तुमची हकीकत वेगळी असेल तर ती मांडा. कागदांचंही तसंच: ऑर्डर ११ नियम ४ प्रमाणे मजकूर, अस्तित्व, सही, पाठवणं-मिळणं यांतलं नेमकं काय नाकारता ते सांगावं लागतं. म्हणून दाव्याचा प्रत्येक परिच्छेद आणि त्याला कैफियतीत आलेलं उत्तर समोरासमोर लिहून काढा. हे कागदावर हाताने करा, टाइप करण्याआधी. जिथे उत्तरात कारण नाही त्या जागी खूण करा. बहुतेक दाव्यांत अर्ध्याहून अधिक वाद इथेच गळून पडतो, आणि उरलेल्यावर तुम्हाला मन लावून लिहायला सवड मिळते.

हिशोबाच्या बचावावर चार ओळी पुरेत. चुकीचा म्हणजे कोणती नोंद, कोणत्या तारखेची, किती रुपयांची? प्रतिवादीने आपला खातेउतारा लावला आहे का? लावला नसेल तर तेवढंच लिहा आणि पुढे चला.

'माल हलका होता' हा मात्र खरा बचाव आहे आणि इथे थांबायला हवं. कारण मालाचा दर्जा म्हटलं की कोर्टाला पहिल्यांदा साक्षीपुरावाच आठवतो. हा बचाव जितका जोरकस मांडता येईल तितका तुम्ही स्वतः अर्जात मांडा, प्रतिवादीच्या वकिलापेक्षाही नीट. मग कायद्याचा खुंटा रोवा: १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ४२. माल पाहायची संधी मिळाल्यावर खरेदीदाराने वाजवी मुदतीत नाकारल्याचं कळवलं नाही आणि माल ठेवून घेतला, तर माल स्वीकारला असं धरलं जातं. मग तथ्य येऊ द्या. मी असा परिच्छेद साधारण असा लिहिते:

'६. माल हलका असल्याचा बचाव कैफियतीच्या परिच्छेद ९ मध्ये आहे. बिल क्र. १ ते ४ चा माल प्रतिवादीच्या गोदामात १२ ते २९ जानेवारीदरम्यान उतरला (बिल्ट्या, पान ३१ ते ३४, पोच सही व शिक्क्यासह). त्यानंतर ३ फेब्रुवारी रोजी प्रतिवादीने वादीस संदेश पाठवला: "शेठ, माल पोचला. पुढच्या आठवड्यात रक्कम टाकतो, आणखी एक गाडी पाठवा" (पान ४१). हा संदेश पाठवल्याचे प्रतिवादीने कबुली-नकाराच्या निवेदनात अनुक्रमांक ११ वर कबूल केले आहे. या चार बिलांच्या मालाबाबत वादीची नोटीस पोचेपर्यंत केलेली एकही लेखी तक्रार अभिलेखावर नाही.'

या परिच्छेदात एकही विशेषण नाही. 'खोडसाळ', 'बनावट', 'वेळकाढू' असे शब्द मी अशा अर्जातून कटाक्षाने काढून टाकते, कारण ते वाचताना न्यायाधीशांना वाटतं की इथे दोन बाजूंचं भांडण आहे, म्हणजे साक्षी घ्यायला हवी. प्रत्येक वाक्य एकेका पानाला बांधलेलं आहे. निर्णायक कागद प्रतिवादीच्याच हातचा आहे आणि तो त्याने कबूल केला आहे, म्हणजे तो शाबीत करायला कुणाला पिंजऱ्यात बोलवायची गरज नाही. शेवटच्या वाक्यात आपल्याकडे काय आहे ते सांगितलेलं नाही. अभिलेखावर काय नाही ते सांगितलं आहे. बोर्डावर दिवसाला ढीगभर प्रकरणं असतात. न्यायाधीशांनी पान ४१ उघडलं आणि तिथे तेच सापडलं, की पुढच्या परिच्छेदावर त्यांचा विश्वास आपोआप बसतो. एक जरी पान चुकलं तर तो विश्वास परत मिळत नाही. म्हणून नकलांवर पान क्रमांक घातल्यावर पुन्हा एकदा अर्ज आणि कागद शेजारी ठेवून ताळा घ्या.

ऑर्डर १३-ए चा नियम ४ ही तशीच मागणी करतो: हा ऑर्डर १३-ए खालचा समरी जजमेंटचा अर्ज आहे असं स्पष्ट विधान, महत्त्वाची सगळी तथ्यं, कायद्याचा मुद्दा, कागद आणि त्या कागदातला नेमका मजकूर, यश येण्याची खरी शक्यता का नाही याचं कारण, आणि दाद. दाखल केलेल्या कागदांवर भिस्त आहे एवढं म्हणून भागत नाही. बिल्टीवर पोच सही कुठे आहे ते दाखवा, वजनकाट्याच्या पावतीवर गाडीचा नंबर बिल्टीशी जुळतो ते लिहा. माल जीएसटी लागणारा असेल आणि प्रतिवादीने याच बिलांवर इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) घेतलं असेल तर त्याचा उतारा मिळवायचा प्रयत्न जरूर करा. माल नाकारणारा माणूस त्या मालाचं क्रेडिट घेत नाही.

व्हॉट्सॲपच्या संदेशांबाबत आपल्या मराठवाड्याने देशाला कायदा शिकवला आहे. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल हा वाद औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेला. प्रश्न होता उमेदवारी अर्ज मुदतीत आले का, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या चित्रीकरणाचा. १४ जुलै २०२० ला न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरण हजर न करता प्रत दाखल करायची तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-बी चं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आलं, आणि प्रमाणपत्राचे भाग दोन झाले: 'अ' पक्षकाराचा, 'ब' तज्ज्ञाचा, हॅश व्हॅल्यूसकट (फाइलची ओळख पटवणारा संगणकी आकडा). मिलच्या मालकाच्या मोबाइलवरून काढलेले नुसते स्क्रीनशॉट लावून समरी जजमेंट मागू नका. त्यांच्यासाठी साक्षीदार लागेल असं कोर्ट म्हणणार आणि अर्जाचा पायाच जाईल.

एक परिच्छेद जवळजवळ सगळेच विसरतात. नियम ३ ला दोन पाय आहेत: प्रतिवादीला बचावात यश येण्याची खरी शक्यता नाही हा पहिला, आणि तोंडी पुराव्याआधी निकाल न देण्याचं दुसरं कुठलं सबळ कारण नाही हा दुसरा. दुसऱ्यावर स्वतंत्र परिच्छेद लिहा. दस्तऐवज प्रतिवादीच्या ताब्यात अडकलेले नाहीत, तिसऱ्या पक्षाचे हक्क गुंतलेले नाहीत, फसवणुकीचा तपशीलवार आरोप कैफियतीत नाही, प्रतिदावा नाही. जे खरं असेल तेवढंच लिहा.

आता पाचवी गाडी. समजा त्या मालाबाबत चौथ्या दिवशी प्रतिवादीने 'या गाडीत खडा जास्त आहे' असा संदेश पाठवलेला आहे. हा संदेश लपवायचा नाही. तुम्ही स्वतः दाखल करा आणि ते ४,१०,००० रुपयांचं बिल या अर्जातून बाहेर ठेवा. नियम १ प्रमाणे दाव्याच्या एका भागापुरतंही समरी जजमेंट मागता येतं. १५,३०,००० वर आत्ता निकाल मागणारा आणि उरलेल्यावर पुरावा होऊ द्या म्हणणारा अर्ज न्यायाधीश वेगळ्या नजरेने वाचतात. पक्षकाराला हे पटवणं अवघड जातं. शेठ म्हणतात, पूर्ण पैसे का सोडायचे? त्यांना समजावून सांगा की सोडत काहीच नाही, फक्त दोन वाटांनी आणतो आहोत.

तारखांचं गणित पक्कं ठेवा. प्रतिवादीला सुनावणीची किमान ३० दिवसांची नोटीस मिळाली पाहिजे, आणि त्याचं उत्तर, आपल्या कोर्टातल्या भाषेत 'से', अर्जाची किंवा सुनावणीची नोटीस यांतली जी आधी मिळेल तिच्यापासून ३० दिवसांत यायला हवं. त्याला आणखी कागद द्यायचे तर सुनावणीच्या १५ दिवस आधी; त्यावर तुमचे कागद ५ दिवस आधी. सुनावणीच्या सकाळी नवा कागद काढू नका.

शेवटी दाद. एकच 'हुकूमनामा द्यावा' अशी ओळ लिहून थांबू नका, पायऱ्या करा. पहिली, बिल क्र. १ ते ४ पोटी १५,३०,००० रुपये व्याजासह. दर करारात असेल तर तो, नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४ प्रमाणे राष्ट्रीयीकृत बँका व्यापारी व्यवहारांना ज्या दराने कर्ज देतात तो, उताऱ्यासह. दुसरी, तसं न वाटल्यास नियम ७ खालचा सशर्त आदेश: बचाव शक्य असला तरी यशस्वी होणं संभवत नाही, म्हणून प्रतिवादीने ठरावीक मुदतीत ही रक्कम कोर्टात भरावी. तिसरी, बिल क्र. ५ पुरता दावा ऑर्डर १५-ए खाली केस मॅनेजमेंटला, म्हणजे पुढच्या टप्प्यांच्या तारखा आखायला, लावावा. चौथी, नियम ८ प्रमाणे खर्च. आणि खाली वादीची सही, सत्यापन, आणि अर्जात उल्लेखलेल्या प्रत्येक कागदाची पानवार यादी.