जत्रेत काशाचं भांडं दिसलं तर

कुणकेश्वरची महाशिवरात्रीची यात्रा असो की मसुऱ्यातली आंगणेवाडीची जत्रा, खाज्याची दुकानं संपतात तिथे कधीकधी कोणीतरी जुनी भांडी मांडून बसलेलं असतं. तिथे जरूर थांबा. पितळेच्या ढिगात काशाची वाटी निघणं नशिबाचं, पण ती ओळखता आली पाहिजे.

भांडं बोटांच्या टोकांवर तोलून धरा आणि काठावर हलकी टिचकी मारा. काशाचा नाद बराच वेळ घुमत राहतो, पितळेचा लवकर विरतो. काशात तांब्याबरोबर कथील असतं, पितळेत जस्त. फरक त्यातूनच येतो. नाद फाटका आला तर कुठेतरी चीर आहे. कासं ठिसूळ असतं, चीर वाढतच जाते, मग कितीही देखणं असलं तरी ठेवून द्या. खिशात छोटं लोहचुंबक असू द्या: ते चिकटलं तर वर नुसता मुलामा आहे, आत लोखंड.

काळेपणाला मात्र घाबरू नका. तो चिंच आणि मिठाने निघतो.

पितळेचं जाडजूड पातेलं मिळालं तरी आनंदाने घ्या, फक्त कल्हई केल्याशिवाय त्यात सोलांची कढी किंवा आंबट आमटी करू नका. बुडाला डाख, म्हणजे भोक बुजवायला वितळवून लावलेला धातू, दिलेला दिसला तर ते स्वयंपाकाला नकोच. जुन्या डाखात शिसं असू शकतं. अशा पातेल्यात अंगणातली तुळस छान वाढेल.