रेकॉर्ड प्लेअर घूं करतोय? आधी आवाजाची वाट शोधा

अमळनेरच्या आमच्या जुन्या घरात माडीवर सागाच्या फळ्यांची जमीन आहे. तिथे वडिलांच्या तबकड्या लावून आवाज जरा चढवला की डग्ग्याच्या ठोक्यासोबत एक ‘घूंऽऽ’ उठायचा आणि वाढतच जायचा. शेजारचे काका खालून विचारायचे, “भाऊ, हाई काय वाजी ऱ्हायनं?” मी आधी नवं कार्ट्रिज (सुई धरणारी, थरथरीची वीज करणारी छोटी डबी) आणलं. घूं कमी व्हायचा तर वाढलाच. म्हणून सांगतो, खरेदी सगळ्यात शेवटी.

सुई थरथर वाचते, पण ती थरथर तबकडीच्या खाचेतली की जमिनीतली, हे तिला कळत नाही. स्पीकरची धमक फळीतून किंवा हवेतून सुईपर्यंत पोचते, अँप ती मोठी करून पुन्हा स्पीकरकडे धाडतो. हाच फीडबॅक.

पहिलं काम: सुई उचलून आर्म (सुईचा दांडा) त्याच्या जागेवर ठेवा. गुणगुण तरीही चालूच असेल तर तो फीडबॅक नाही, बहुतेक अर्थिंगचा 50 हर्ट्झचा (सेकंदाला 50 कंपनांचा) हम आहे. प्लेअरची बारीक अर्थ वायर प्रीअँपच्या (सुईचा क्षीण सिग्नल अँपआधी मोठा करणाऱ्या डब्याच्या) स्क्रूला घट्ट कसा आणि कार्ट्रिजमागच्या लाल, हिरव्या, पांढऱ्या, निळ्या तारा सैल नाहीत ना ते बघा.

सुई टेकल्यावरच घूं येत असेल तर ही चाचणी घ्या. मोटर बंद ठेवा, एखादी खराब झाली तरी चालेल अशी तबकडी लावा, थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवा आणि आवाज अगदी हळू वाढवा. हात नॉबवरून काढू नका. घूं उठला की लगेच खाली आणा, नाहीतर वूफरची (स्पीकरमधल्या खालच्या सुरांच्या मोठ्या भोंग्याची) कॉइल जळू शकते. नॉब कुठवर गेला ते कागदावर लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक बदलानंतर हीच चाचणी घ्यायची, आणि एका वेळी एकच बदल करायचा.

स्पीकर प्लेअरच्याच टेबलावर असतील तर ते आधी उतरवा. खोलीच्या कोपऱ्यात बास साठतो, तिथून प्लेअर हलवा. प्लॅस्टिकचं झाकण हवेतली धमक झेलतं, ते काढून बघा. अंतर वाढवायचं तर स्पीकरची वायर लांबवा, प्लेअरची केबल नाही. ती लांबली की मूव्हिंग मॅग्नेट (आत चुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजचा वरचा सूर बदलतो.

आमचा खरा दोष फळ्यांत होता. चाललं की त्या लवायच्या. प्लेअर तळमजल्यावर आणला, पण मातीच्या भिंतीत ब्रॅकेट धरेना, म्हणून भिंतीतल्या लाकडी खांबालाच बोल्ट मारून फळी बसवली. पावलांचा त्रास संपला. रात्रीची मालगाडी मात्र सुईला अजून ऐकू यायची. मग लहान मुलाच्या सायकलची ट्यूब घेतली, अर्धवट हवा भरली, वर शहाबादी फरशीचा तुकडा आणि त्यावर प्लेअर. फरशी हलकेच दाबून सोडली की सेकंदाला तीन-चार झोके घेते, इतपतच हवा हवी. व्हॉल्व्ह बाहेर राहू द्या आणि लेव्हल बघून घ्या. प्लेअरच्या आतच स्प्रिंगा असतील तर ट्यूब नको, त्याला हलकी आणि कडक फळी मानवते.

आता आर्म आणि कार्ट्रिजची जोडी. ही म्हणजे स्प्रिंगला टांगलेलं वजन. तिची स्वतःची थरथर 8 ते 12 हर्ट्झमध्ये पडावी; खाली पावलं आणि वाकड्या तबकड्या, वर संगीत. हिशोब सोपा आहे. आर्मचा इफेक्टिव्ह मास (सुईला जाणवणारं आर्मचं वजन; काट्यावरचं नव्हे, माहितीपत्रकातला आकडा), कार्ट्रिज आणि स्क्रू यांचे ग्रॅम मिळवा, कार्ट्रिजच्या कंप्लायन्सने (सुई किती सहज लवते त्याचा माहितीपत्रकातला आकडा) गुणा, वर्गमूळ काढा आणि 159 ला त्याने भागा. माझा आर्म 18, नवं कार्ट्रिज 6, स्क्रू 1, म्हणजे 25. कंप्लायन्सही 25. उत्तर 6.4 हर्ट्झ, फारच खाली! वाकड्या तबकडीवर वूफरचा कागद सावकाश आत-बाहेर डुलताना डोळ्यांनी दिसायचा. तेवढ्याच वजनाचं, 12 कंप्लायन्सचं कार्ट्रिज लावलं, आकडा 9.2 वर आला आणि डुलणं थांबलं. जपानी कार्ट्रिजचा कंप्लायन्स बऱ्याचदा 100 हर्ट्झवर मोजलेला असतो, तो दीड ते दोन पट धरा. कार्ट्रिज बदलणं परवडत नसेल तर हलकी हेडशेल (कार्ट्रिज बसतं ते आर्मचं टोक) किंवा प्रीअँपचा सबसॉनिक फिल्टर (ऐकू न येणारी खालची थरथर गाळणारा) बरंच काम करतो. सुईचा भार मात्र कंपनीने दिलेल्या मर्यादेतच ठेवा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, उन्हाळा. सुईमागचं बारीक रबर उष्णतेने मऊ होतं, कंप्लायन्स वाढतो आणि जानेवारीत काठावर असलेली जोडी मे महिन्यात पुन्हा डुलायला लागते. म्हणून पारा 44 कडे सरकला की नॉबची चाचणी मी दुपारी तीनला परत घेतो, आणि तोच आकडा खरा धरतो.